काढलेला उकाडा

थंडी नावाची वस्तू जगात नाही. आहे ती केवळ उष्णता, कुठे कमी तर कुठे अधिक. शाळेच्या पुस्तकातले हे वाक्य आपण परीक्षेपुरते मानतो आणि पुढे जन्मभर विसरतो. बाजारात गारवा विकत मिळतो अशीच आपली समजूत असते. वस्तुतः विकत मिळते ती हमाली. आपल्या खोलीतली उष्णता उचलायची आणि दुसरीकडे नेऊन टाकायची, एवढेच ते यंत्र करते. ती कुठे टाकली हे विचारण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची, दुकानदाराची, की ज्याच्या दारात ती पडली त्याची? कोणाच्या घरात कोणते यंत्र बसवावे याचा हिशेब करून देणे हे माझे पोटापाण्याचे काम असल्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही.

नवे घर बांधताना निदान कागदावर तरी खिडकी हलवता येते. पंचाईत होते ती राहत्या घरात, आणि त्याहून जास्त जुन्या यंत्राच्या बदलीत. यंत्र बंद पडले की माणूस विचारतो, "याच्या जागी कोणते घेऊ?" ते तिथे कशासाठी होते, हे कोणी विचारीत नाही. दीड टनाचे होते म्हणून दीड टनाचेच आणले जाते. हा टन म्हणजे बर्फाचा टन. अमेरिकन मापाचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी ओढण्याची ताकद. १८३४ साली अमेरिकेतून गलबतात भरून बर्फ मुंबई बंदरात उतरला होता. तो केव्हाच वितळला, पण माप मागे राहिले. त्या खोलीला दीड टन खरोखर लागतो काय, हे पहिल्या खेपेस कोणी मोजलेले नसते आणि दुसऱ्या खेपेस मोजण्याची गरज वाटत नाही. गरजेहून मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते. हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग गार आणि दमट अशा खोलीत मालक अंगावर पांघरूण घेऊन बसतो. जुने यंत्र उतरवताना त्यातला आर-२२ वायू कारागीर पुष्कळदा सरळ हवेत सोडून देतो. एक क्षणभर 'हुश्श' असा आवाज होतो. तो वायू पृथ्वी तापवण्याच्या कामी कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट भारी आहे. पण तो 'हुश्श' कोणाच्याच बिलात येत नाही.

शहापूर तालुक्यात, आजोबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर डोळखांब आहे. तेथल्या एका शिक्षकाने मला सल्ला विचारला. त्यांचा कूलर तळाला गंजून गळू लागला होता, आणि त्याच्या जागी दुसरा कूलर घ्यावा की वातानुकूलन यंत्र बसवावे, असा प्रश्न होता. घरात ऐंशी ओलांडलेली आई. पंधरा वर्षांपूर्वी घरावरची कौले उतरवून स्लॅब घातलेला.

या भागातले जुने घर मला माहीत आहे. कारवीचे कुड, त्यांवर शेणमातीचा गिलावा, उंच आढे, वर कौले. कौल तापते खरे, पण ते पातळ असते आणि दोन कौलांमधल्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. स्लॅबचे तसे नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री माणूस निजायला आला की सावकाश परत करतो. त्याखाली पंखा लावला की तो छताजवळची तापलेली हवा खाली माणसावर ढकलतो. म्हणून कूलर येतो, आणि कूलर पुरेना म्हणून त्याहून मोठे यंत्र येते. प्रत्येक नवी वस्तू आधीच्या बदलाने केलेले नुकसान भरून काढायला आणलेली असते, आणि आपण मात्र त्याला सुधारणा म्हणतो.

एवढे लिहून थांबलो असतो तर जुन्याच्या गोडव्याचा एक लेख झाला असता, आणि तो खोटा झाला असता. त्या शिक्षकांच्या आईजवळ मी कौलारू घराची स्तुती केली. त्या म्हणाल्या, "गारवा होता रे बाबा, पण तो माझ्या कमरेवर होता." दर आठ-पंधरा दिवसांनी सारवण, त्यासाठी शेण गोळा करणे, माती आणणे, वैशाखात शाकारणी, माकडांनी फोडलेली कौले बदलणे, आणि पावसात कुठे ना कुठे गळतेच. त्या घराची उष्णतासुद्धा कोणीतरी उचलूनच बाहेर टाकीत होते. हमाल घरातला होता आणि त्याला मजुरी नव्हती, एवढाच फरक.

आता दोन्ही यंत्रांकडे पाहू. कूलर गारवा देतो तो पाण्याची वाफ करून. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जाते. हिशेब फार सुंदर आहे. पण दिवसाला चाळीस-पन्नास लिटर, म्हणजे तीन-चार हंडे पाणी त्याला लागते. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले. दोन्ही जलाशय याच शहापूर तालुक्यातले. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जिथे बाईच्या डोक्यावरून हंडा येतो तिथे तो कूलरच्या टाकीत ओतणे कायद्याने गुन्हा नाही. पण ओतताना हात जरा अडखळावा, असे मला वाटते. शिवाय मेअखेरीस हवेत ओल आली की पाणी उडेनासे होते आणि कूलर नुसता घोंघावत राहतो.

मग वातानुकूलन यंत्र. दीड टनाचे यंत्र भर जोरात चालले तर तासाला खोलीतून सुमारे पाच युनिट उष्णता काढते, त्यासाठी दीड युनिट वीज खाते, आणि बाहेर साडेसहा युनिट टाकते. म्हणजे शेजाऱ्याला मिळते ते आपण काढले त्याहून अधिक. शिक्षकांच्या घराला लागून अडीच हातांची बोळ, तिच्या पलीकडे शेजारच्या काकींची पडवी, वर पत्रा. कारागिराने बाहेरचा डबा नेमका तिथेच लावायचे ठरवले होते, कारण पाइप कमी लागतो. काकींना कोणी विचारले नव्हते. विचारायचे असते हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. भिंत तर आपलीच आहे!

काकी निदान दिसतात. न दिसणारे शेजारी पुष्कळ. डोळखांबच्या पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर आणि पायथ्याला चोंढे. तेथे २००८ साली २५० मेगावॅटचे वीजघर सुरू झाले. विजेला मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवायचे, आणि संध्याकाळी शहरांतून दिवे नि यंत्रे एकदम लागली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. चढवायला लागते तेवढी वीज परत मिळत नाही, पण हव्या त्या वेळी मिळते. ती चढवण्याची वीज मुख्यतः कोळशाची. मुंबईच्या सायंकाळच्या गारव्यासाठी दूर कुठे खाण खणली जाते, हे डोळखांबच्या माणसाला त्याच्या दारावरून जाणाऱ्या तारा सांगत नाहीत.

मग काय, उकाडा सोसावा? १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले. वर्ध्याचा उन्हाळा आणि मातीची झोपडी. कपाळावर ओल्या मातीची पट्टी. त्या निवडीपुढे मी नम्र आहे. पण स्वतःहून पत्करलेला उकाडा आणि दुसऱ्याच्या वाट्याला घातलेला उकाडा या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारी उन्हात बसलेल्यांपैकी चौदा माणसे उष्माघाताने दगावली. ऐंशी वर्षांच्या बाईला "पूर्वी कुठे होती यंत्रे?" असे ऐकवणे हा विवेक नव्हे, तो निगरगट्टपणा आहे. तिला गार खोली हवी, हे मी धरूनच चालतो. त्या खोलीपायी कोणाला किती तापवायचे आणि त्याला आधी सांगायचे की नाही, एवढाच वाद उरतो. माझे मत असे की न विचारता टाकलेली उष्णता ही न विचारता टाकलेल्या कचऱ्यासारखीच आहे. ती दिसत नाही म्हणून सभ्य ठरत नाही.

शिक्षकांना मी सांगितले ते यंत्रविक्याला आवडण्याजोगे नव्हते. आधी स्लॅबवर चुन्याचे दोन दाट हात द्या. पांढरे छत बरेचसे ऊन आल्या पावली परत पाठवते, आणि जी उष्णता आत आलीच नाही ती कोणाच्या दारात टाकावी लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीवर झाप बांधा. मग मोजा. त्यांनी तसे केले. मोजले तेव्हा आईच्या एका खोलीला एक टन पुरेसा होता. बाहेरचा डबा गच्चीवर, शेताकडे तोंड करून चढवला. चार मीटर पाइप जास्त लागला आणि कारागीर दोन दिवस कुरकुरत राहिला. काकींना आता विचारलेही गेले. त्यांनी यंत्राबद्दल काही म्हटले नाही, आपल्या पत्र्यावरही चुना चालेल का एवढे विचारले. चालतो, मात्र पत्रा आधी घासून धुवावा लागतो. तोही झाला.

एक अडचण राहिली, आणि ती शिक्षकांच्या पत्नीने पहिल्याच दिवशी काढली होती. डोळखांबच्या चार महिन्यांच्या पावसात चुना धुऊन जातो. म्हणजे दर वर्षी फाल्गुनात कोणीतरी बादली आणि कुंचा घेऊन वर चढायचे. "ते कोण?" असे त्यांनी विचारले. सासूबाई हसल्या. या वर्षीचा हात गुरुजींनी दिला, काकींच्या पत्र्यालाही त्यांनीच दिला. पुढच्या वर्षाचे बोलणे अजून झालेले नाही.