फुकट विजेचे मोल

गावोगावी फिरताना आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारण्यात येतो. तो असा की, सरकारने शेतीपंपाची वीज माफ केली असता पंप हवा तितका वेळ चालू ठेवण्यात अन्याय तो कोणता? विचारणारे बहुधा सरळ मनाचे असतात, म्हणून ह्याचे उत्तर नीट शोधिले पाहिजे.

महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस वीज मोफत देण्याचे ठरविले. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांचे बिल सरकारने भरावयाचे, आणि त्यास वर्षाला १४,००० कोटी रुपयांहून अधिक खर्च यावयाचा, असा त्या वेळचा अंदाज होता. ही रक्कम आकाशातून पडत नाही. मोलकरी मनुष्य साबणाची वडी घेतो, तिच्यावरील करही ह्याच तिजोरीत जातो. शिवाय कारखाने व दुकाने ह्यांस चढा दर लावून शेतीचा दर उतरता ठेवण्याची रीत जुनीच आहे, आणि तो चढा दर मालाच्या किमतीत शिरून पुन्हा आपल्याच दारी येतो.

आता पंपाकडे पाहू. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे चार युनिटे वीज घेतो. आठ तासांची तीसांहून अधिक झाली. तितकी वीज कोळशावर करावयाची तर वीस किलोंहून अधिक कोळसा जाळावा लागतो. चंद्रपूर, कोराडी येथील केंद्रांत असाच कोळसा जळतो, आणि आपल्याकडील कोळशात सुमारे तिसरा हिस्सा राखच असते. ती राख, तो धूर सोसणारे लोक आपल्या ओळखीचे नाहीत, इतकेच.

परंतु जवळचा शेजारी तर ओळखीचा आहे ना? ज्याच्या नावे जमीन नाही, विहीर नाही, त्यास ह्या माफीतून एक पैसाही मिळत नाही. झोपडीतील एका दिव्याचे बिल मात्र त्यास भरावे लागते. आपल्या मंडळ्यांत अशी घरे थोडी नाहीत. दुसरे असे की, आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी खडकाच्या भेगांतून थोडेच साठते. खोल बोअरवाल्याने ते रात्रभर उपसले, म्हणजे शेजारच्या उथळ विहिरीचा तळ उघडा पडतो. तिच्यावाचून ज्यांचे चालत नाही त्यांच्या बायकांस मग हंडा घेऊन दूर जावे लागते. तिचे पाणी आटल्याची नोंद कोणत्या मीटरावर होते?

शेतकऱ्यास सवलत नसावी, असे आम्ही म्हणत नाही. कांद्याचा भाव त्याच्या हाती नाही, आणि रात्रीची पाळी आली म्हणजे विंचूसापांतून त्यालाच चालावे लागते. परंतु ऑटो स्विच लावून निजणे, वीज येताच पंप आपोआप सुरू होणे, आणि भिजलेल्या सरीत पाणी वाहत राहणे, ही गोष्ट निराळी. ह्यास आम्ही सवलत म्हणत नाही, उधळपट्टी म्हणतो; आणि तीही दुसऱ्याच्या पैशाची.

सौरपंपाने कोळसा वाचेल व दिवसा पाणी देता येईल, हे खरे. पण सूर्याने उपसलेले पाणीही त्याच खडकातले. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजाराचे उदाहरण आम्हांस मोलाचे वाटते. तेथे दरवर्षी पावसानंतर गावकरी एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडितात. आधी माणसांचे व गुरांचे पाणी बाजूस काढितात, मग उरलेल्यावर पिके ठरवितात. शेतीसाठी बोअर घेण्यास तेथे गावानेच बंदी केली आहे.