वैलावरचा भात

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, तिकडे दापोली, मंडणगड... कित्येक वाड्यांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मिक्सर, गिझर, विजेची शेगडी, सगळं मुकं झालं. मग माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली आला, पाटा-वरवंटा धुऊन निघाला, पडवीत चूल पेटली. सरपण भिजलेलं, पण कोकणातल्या घरात करवंट्या आणि नारळाची सोडणं कुठल्या तरी कोरड्या कोपऱ्यात असतातच. करवंटी भडकन पेटते, सोडण मंद धुमसत राहतं. भाताला उकळी आणायला एक, तो चुलीच्या बाजूच्या वैलावर मुरायला दुसरं. हे ज्ञान आजीच्या हातात होतं आणि त्या दिवसांत सगळं घर तिच्याभोवती बसलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

एक मात्र कळकळीनं सांगते. वीज गेली, गारठा पडला, म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. निखारे बाहेरच राहू द्यात. ऊब हवी तर अंगावर आणखी एक गोधडी घ्या.