देयकाबाहेरचे ऋण

माझ्यासमोर एक पावती आहे. इटलीतील गुब्बियो नावाच्या डोंगरी गावातील एका साध्या हॉटेलाची. तीवर दोन रात्रींचे भाडे आहे, दोन दिवसांची न्याहारी आहे, एका संध्याकाळचे जेवण आहे. खाली बेरीज आहे आणि रक्कम पोचल्याचा शिक्का आहे. दुसऱ्यांची प्रवासखर्चाची बिले तपासण्यात माझी बारा वर्षे गेली. बेरीज जुळली, जोडपत्रे पुरी असली आणि सक्षम अधिकाऱ्याची सही असली की आमच्या लेखी विषय संपतो. या पावतीतही खोट काढावी असे काही नाही. तरीही हा व्यवहार संपला असे मला म्हणवत नाही. का म्हणवत नाही, याचा विचार बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

माझ्या आजोबांचे थोरले बंधू मराठा पलटणीत होते आणि १९४४ साली इटलीत लढून परत आले. लढाईविषयी ते फारसे बोलत नसत. मात्र तिबेर नदीच्या खोऱ्यात एका पडक्या घरातील म्हातारीने आपल्याला पाव व कांदा दिला, आणि तिचे आभार कोणत्या शब्दांत मानावे हे आपल्याला कळले नाही, ही गोष्ट ते आम्हा मुलांना पुन्हा पुन्हा सांगत. गावाचे नाव त्यांना आठवत नसे. ते खोरे एकदा पाहावे, ही माझी जुनी इच्छा. अनेक वर्षांची शिल्लक, कष्टाने मंजूर झालेली रजा आणि परदेशप्रवासासाठी कार्यालयाची रीतसर परवानगी, एवढे जमल्यावर मी रोमहून आगगाडीने फोस्सातो दि वीको या स्थानकावर उतरलो आणि तेथून बसने गुब्बियोला पोचलो. गुब्बियोची निवड केली ती परवडणारी खोली तेथे मिळाली म्हणून. त्यात इतिहासाची ओढ नव्हती.

गाव इंजीनो डोंगराच्या उतारावर, करड्या दगडात बांधलेले. रस्ते एकावर एक पायऱ्यांसारखे चढत जातात. मध्यभागी चौदाव्या शतकातील कॉन्सुलांचा प्रासाद आणि त्यासमोर कमानींवर तोललेला विस्तीर्ण चौक. त्या प्रासादात ब्राँझचे सात लेख जपून ठेवले आहेत. ते उंब्रियन या लुप्त भाषेत असून ख्रिस्तपूर्व शतकांतील आहेत. त्यांत यज्ञयागाचे, पक्षिशकुनांचे व नगरशुद्धीचे विधी सांगितले आहेत. त्या शुद्धीच्या वेळी शेजारच्या गावाची, एत्रुस्कन वंशाची व आणखी दोन जमातींची माणसे सभेत असतील तर त्यांनी निघून जावे, असे पुकारावयाचे असे. म्हणजे या गावाची सर्वांत जुनी वाणी जी आपल्यापर्यंत पोचली, तीत परक्याला बाहेर काढण्याची आज्ञा आहे. मी ती काचेआड पाहिली आणि मनात हसलो, कारण त्याच गावाच्या एका कारंज्याभोवती तीन फेऱ्या मारून अंगावर पाणी शिंपडून घेणाऱ्या कोणाही परक्याला आज ‘वेड्याचा परवाना’ आणि मानाचे नागरिकत्व मिळते! दिल्लीत रहिवासाचा दाखला मिळविताना मी याहून कितीतरी अधिक फेऱ्या मारल्या आहेत.

हॉटेल लहान होते. दहा-बारा खोल्या, लाकडी जिना, न्याहारीला पाव, मुरंबा आणि कॉफी. सत्तरीचा मालक स्वतःच नोंदवही सांभाळी. त्या देशात मुक्कामास आलेल्या प्रत्येकाची माहिती पोलिसांना कळवावी लागते. म्हणून पारपत्र पाहताना त्याने भारताचे नाव वाचले आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, ‘येथे कशासाठी?’ मी थोरल्या आजोबांचे सांगितले. तो काही बोलला नाही. रात्री जेवण वाढताना त्याने सांगितले, की त्याची आई त्या उन्हाळ्यात तिबेर खोऱ्यात मामाकडे होती, दहा वर्षांची होती, आणि दूध घातलेला गोड चहा तिने आयुष्यात पहिल्यांदा प्यायला तो हिंदी शिपायांच्या हातचा. पाव देणारी ती म्हातारी याच कुटुंबातील निघावी, असा योगायोग कादंबरीत घडतो. येथे तसे काही नव्हते. एका बाजूला पाव होता, दुसऱ्या बाजूला चहा होता, आणि देणारे-घेणारे एकमेकांना कधी भेटलेही नसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपली जुनी मोटार दारात आणली आणि डोंगर ओलांडून मला मोंतोनेला नेले.

मोंतोने हे टेकडीवरचे तटबंदीचे चिमुकले गाव. पंधराव्या शतकाच्या आरंभी गाजलेला भाडोत्री सेनापती ब्राच्चो हा या घराण्याचा. याच गावात नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ च्या जुलैत एक सूर्यघडी उभारण्यात आली. सारे एकाच सूर्याखाली आहेत, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य तिला दिले आहे. घाडगे हे आमच्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी तिबेरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे पडले, कोणी मेले, कोणी जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातबाँबने तोफ बंद पाडली, बंदुकीतील गोळ्या संपल्या तेव्हा तिच्या दस्त्याने लढले, आणि ती जागा जिंकून तेथेच शत्रूच्या गोळ्यांना बळी पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कोठे आहे हे ज्ञात नाही. कासीनोच्या स्मारकावर नाव तेवढे कोरलेले आहे.

भाडोत्री सेनापतीच्या गावात हे स्मारक पाहताना मला माझ्या धंद्याचा प्रश्न पडला. घाडगेही पगारी शिपाईच होते. तोही पगार परक्या सरकारचा. त्या पगारात काय बसते आणि काय बसत नाही? हुकूम पाळणे बसते, चालून जाणे बसते. परंतु सारे सोबती पडल्यावर एकट्याने उठणे हे कोणत्या वेतनश्रेणीत बसवावयाचे?

परतल्यावर मी पेट्रोलचे पैसे पुढे केले. मालकाने ते घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा तो एकच शब्द बोलला, ‘ओस्पिते’. नंतर कोश पाहिला, तर इटालियनमध्ये या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, पाहुणा आणि यजमान. तो मला पाहुणा म्हणाला, की स्वतःला यजमान म्हणाला, की १९४४ सालचा हिशेब मनात धरून त्याने दोघांच्या जागाच बदलल्या, हे मी ठरवू शकलो नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पैसे देऊन घेतलेल्या आश्रयाचे ऋण उरते काय? आपण सहजपणे म्हणतो, उरत नाही. भाडे दिले, विषय संपला. या उत्तराला मी क्षुद्र मानीत नाही. हिशेबाची एक थोरवी आहे. दरपत्रक जात विचारीत नाही, कूळ विचारीत नाही. जो पैसे देईल त्याला खोली मिळते, आणि खोली घेणाऱ्याला मिंधे व्हावे लागत नाही. आपल्या देशात ही गोष्ट सहज साध्य झालेली नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. नाव बदलून, भाडे देऊन ते एका पारशी मुसाफिरखान्यात राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. विदेशात शिकून आलेला विद्वान, संस्थानचा अधिकारी, खिशात पैसे, आणि तरी डोक्यावर छप्पर नाही! तेव्हा पावती ही तुच्छ वस्तू नव्हे. आतिथ्याच्या गोड गोष्टी सांगणाऱ्याने आधी हा प्रसंग आठवावा.

परंतु याच प्रसंगातून हिशेबाची मर्यादाही दिसते. भाडे घेतलेले असूनही मुसाफिरखान्याच्या रखवालदाराला पाहुण्याच्या बाजूने उभे राहवले नाही. पैशाने खोली मिळते. बाहेर जमाव आला असता दारात उभा राहणारा माणूस पैशाने मिळत नाही. तो मिळालाच तर देयकाबाहेर मिळतो.

आणि हिशेबाला माणुसकीचे कुंपण नसले तर तो कोठवर जातो, तेही गुब्बियोनेच पाहिले आहे. १९४४ च्या जूनमध्ये तेथे एका जर्मन अधिकाऱ्याची हत्या झाली. बदला म्हणून २२ जूनला गावातील चाळीस नागरिकांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. एकाच्या बदल्यात चाळीस. तीही एक बेरीजच होती, आणि कोणीतरी ती शांतपणे मोजून पुरी केली असणार. त्यांच्या स्मारकाशी मी गेलो तेव्हा मालक गाडीतच बसून राहिला. का, ते मी विचारले नाही.

याच गावाची जुनी दंतकथा आहे. एक लांडगा माणसे मारीत होता. संत फ्रान्सिस निःशस्त्र त्याला सामोरा गेला आणि त्याने करार करून दिला, की गावाने लांडग्याला रोज खाऊ घालावे व लांडग्याने कोणास इजा करू नये. वरवर पाहता ही देवघेवच झाली. इतके द्यावे, इतके घ्यावे. परंतु करार होण्यापूर्वी कोणीतरी वेशीबाहेर पाऊल टाकावे लागले, आणि त्या पावलाची किंमत कराराच्या एकाही कलमात नाही. मला वाटते, समाजातील प्रत्येक सुस्थित हिशेबाच्या मुळाशी असे एखादे बिनहिशेबी पाऊल असते. ते कोणी टाकले हे पुढे विसरले जाते आणि हिशेब तेवढा चालू राहतो.

हे सारे परगावच्या लोकांविषयी लिहिणे सोपे आहे. आता स्वतःविषयी लिहावयाचे तर हात अडखळतो.

मी तीन वर्षे शिलाँगला होतो. घराची मालकीण खासी, वयस्कर. तिला सारे ‘काँग’ म्हणत. मी तिला महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडे देई. ती क्वाय म्हणजे पानसुपारी पुढे करी. मी ‘सवय नाही’ म्हणून नाकारी. दुसऱ्या हिवाळ्यात मुलगी न्युमोनियाने आजारी पडली. मी दौऱ्यावर होतो. काँग दोन रात्री माझ्या पत्नीजवळ बसून राहिली. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. पुढे बदलीचा हुकूम आला तेव्हा मी शेवटच्या भाड्याच्या पाकिटात काही रक्कम अधिक घातली. तिने भाडे मोजून घेतले, उरलेले पाकिटात घालून परत केले, आणि ‘खुब्लेइ’ म्हणाली. खासी भाषेतील हा शब्द आभारासाठी, आशीर्वादासाठी आणि निरोपासाठीही चालतो. तीन वर्षांत तेवढाच एक शब्द मी शिकलो होतो. त्या वेळी मला वाटले, आपण कर्तव्य केले, तिने मानीपणा दाखविला. आज वाटते, मी दोन रात्रींचे भाडे ठरवू पाहत होतो.

त्यानंतरची गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. दिल्लीत आमच्या शेजाऱ्यांना एक खोली भाड्याने द्यावयाची होती. शिलाँगकडचा एक विद्यार्थी पाहून गेला. शेजाऱ्यांनी मला विचारले, ‘आपण तिकडे राहिलेले आहात. कशी असतात ही माणसे?’ मी म्हणालो, ‘सरसकट काही सांगता येत नाही, आपण आपल्या विचाराने ठरवावे.’ नस्तीवर मत न देता ती वर पाठविण्याची जी कला आम्हाला अवगत असते, तीच मी वापरली. माझे वाक्य निर्दोष होते. त्यात निंदेचा शब्द नव्हता. त्या मुलाला खोली मिळाली नाही. दोन रात्री जागलेल्या काँगविषयी एक वाक्य बोलण्याची माझी वेळ होती, आणि ते वाक्य मी वाचविले.

गुब्बियोच्या त्या मालकाने मला जे दिले, त्याचा धनी मी नव्हतो. त्याच्या आईने चहा घेतला तो माझ्या हातचा नव्हे. माझ्या थोरल्या आजोबांना पाव दिला तो त्याच्या आईने नव्हे. तरीही त्याने देणे फेडले, आणि ज्याला फेडले त्याच्या पत्त्याची चिकित्सा केली नाही. आपल्या बदल्या होतात तशा ऋणांच्याही बदल्या होतात, हे मला तेथे कळले. शिलाँगचे देणे शिलाँगलाच फेडावे असा नियम नाही. ते दिल्लीत, जिना चढून आलेल्या एका अनोळखी मुलाच्या रूपाने वसुलीस आले होते. मी ते ओळखले नाही. अथवा खरे सांगावयाचे तर ओळखूनही परत पाठविले.

‘आम्ही बदलीची माणसे, आमचे येथे काय?’ असे आपण सारे म्हणतो. ज्या गावाने तीन वर्षे आपले पाणी भरले, आपली मुले शाळेत घातली, आपल्या आजारपणात दार ठोठावले, त्या गावाशी आपले नाते घरभाड्याच्या पावतीएवढेच मानण्याची सोय या एका वाक्याने होते. ही सोय मी फार वर्षे भोगली.

तो मुलगा आता कोठे राहतो, मला ठाऊक नाही. काँगला मी पत्र लिहिले आहे. इंग्रजीतच, कारण दुसरा इलाज नव्हता. पाकिटात पत्राखेरीज काही घातले नाही. हॉटेलची पावती मात्र मी जपून ठेवली आहे. तिच्यावरची प्रत्येक बाब दिलेल्या रकमेशी जुळते. जी बाब तिच्यावर नाही, तेवढीच बाकी आहे.