निरर्थक गाण्याचा अर्थ

ज्या गाण्यास अर्थच नाही असे त्याच्या जन्मकाळी सर्वांनी ठरविले, त्यात साठपासष्ट वर्षांनी गूढार्थ सापडू लागावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आम्ही राहतो त्या वाळूजच्या वसाहतीत कारखान्यांतून निवृत्त झालेली मंडळी सायंकाळी जुनी गाणी लावून बसतात. 'आशा' (१९५७) ह्या चित्रपटातील 'ईना मीना डीका' लागले, की कोणास त्यात यंत्रयुगातील माणसाची व्यथा ऐकू येते, तर कोणास बंडाची हाक! अमेरिकेत तेव्हा नुकतेच उसळलेले 'रॉक अँड रोल' हिंदी पडद्यावर आणणाऱ्या पहिल्या गाण्यांपैकी हे एक. आणि ते बांधले पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजेच सी. रामचंद्रांनी.

ह्या अर्थशोधाचे मूळ आम्हांस एका जुन्या अपमानात दिसते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ ह्या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपारच केले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. घरोघरी वडीलधारी माणसेही केसकरांच्याच बाजूची. ज्या मुलांनी ती गाणी तेव्हा चोरून ऐकली ती आज आजोबा झाली आहेत. आणि आपण ज्यावर जीव टाकला ते पोकळ नव्हते, हे त्यांस सिद्ध करावयाचे आहे. गूढार्थ हा त्या खटल्यातील बचावाचा पुरावा होय.

ह्या कामी नाथांच्या भारुडांचा दाखला हटकून निघतो. पैठण येथून दूर नाही. पण नाथांनी अर्थ दडविला कोठे? विंचू म्हणजे कामक्रोध, हे त्यांनी भारुडातच सांगून टाकले आहे. उलट लिटल रिचर्डच्या 'टुटी फ्रुटी'त (१९५५) दडविण्याजोगे काही खरोखरच होते. मूळचे ग्राम्य शब्द काढून, सोज्ज्वळ शब्द घालून ते गाणे ध्वनिमुद्रित करण्यात आले. तेथे खणणाऱ्यास जे सापडेल ते नातवंडांसमोर सांगता येणार नाही.

कोणी म्हणेल, गाणे एकदा कानी पडले की ते ऐकणाऱ्याचे झाले. त्यात त्याने आपले आयुष्य ओतले तर बिघडले काय? काहीच नाही. बदली, लग्न, बापाचा मृत्यू, हे सारे एका चालीस चिकटून राहते व ती चाल ऐकताना डोळे भरून येतात, हा अर्थ खोटा म्हणण्याची आमची छाती नाही. तथापि तो अर्थ आपला आहे असे न म्हणता 'संगीतकाराच्या मनात हेच होते' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपण दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालतो. शिवाय आनंदास तत्त्वज्ञानाची शिफारस लागते, हे केसकरांचेच म्हणणे आपण नकळत मान्य करतो.

आणि ह्या गडबडीत त्या गाण्यात खरोखर जे आहे ते ऐकावयाचे राहून जाते. सांगतात ते असे, की रामचंद्रांच्या संगीतकक्षाबाहेर मुले खेळताना इंग्रजी आकडेगाणे म्हणत होती. त्यावरून हे शब्द सुचले, आणि त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यास कोकणीतील 'मला नको' अशा अर्थाची जोड दिली. अशा गोमंतकीय वादकांची त्या काळी मुंबईच्या चित्रपटसंगीतात मोठी फळी होती. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या शाळांतून ते पाश्चात्य स्वरलिपी शिकून आलेले. चीक चॉकलेट, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी वाद्यमेळाचे कागद लिहिले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव आले ते संगीतकाराचे. आमच्या वसाहतीतील रसिकांस राजेंद्र कृष्ण ठाऊक, किशोरकुमार व आशा भोसले तर आहेतच. गोम्स हे नाव मात्र आम्ही काढले तेव्हा सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

ते दोन कोकणी शब्द आमच्या मंडळींनी इतकी वर्षे नुसते ताल म्हणून ऐकले. गोव्यातील अथवा धोबीतलावच्या एखाद्या घरात मात्र ते गाणे पहिल्यांदा वाजले, त्याच दिवशी ते समजले असतील व कोणी हसलेही असेल.