देणे आणि दान

मराठीतील ‘देणे’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. क्रियापद म्हणून तो दातृत्व सांगतो. नाम म्हणून तोच शब्द ऋण दर्शवितो. वाण्याचे देणे आपण चुकते करतो, तेव्हा त्याच्यावर उपकार केले असे कोणी म्हणत नाही. दान मात्र दात्याच्या मर्जीवर अवलंबून असते. श्रमिकाच्या हाती आपण जे ठेवतो ते यांपैकी कोणते? हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही, हे मराठवाड्याच्या भूमीवर घडलेल्या एका दुर्घटनेने दाखवून दिले.

८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, करमाडजवळ लोहमार्गावर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. मध्य प्रदेशातून आलेली ही माणसे जालन्याच्या पोलाद उद्योगात राबत होती. टाळेबंदीत काम बंद पडले. १ मेपासून श्रमिकांसाठी खास गाड्या सुटू लागल्या होत्या. भुसावळला तशी गाडी मिळेल, या आशेने ती रुळांच्या कडेने चालत निघाली. प्रवासी गाड्या बंद असल्याने रूळ निर्धास्त आहेत असे समजून थकलेल्या देहांनी तेथेच पाठ टेकली. नंतर रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले.

ते पाहून अनेकांचे डोळे पाणावले. त्या दिवसांत समाजाने हात आखडता घेतला होता असेही नाही. चर्च, गुरुद्वारे, मंदिरे, मशिदी, तरुण मंडळे अशा सर्वांनी शिधा वाटला, अन्नछत्रे चालविली. ते स्तुत्यच होते. परंतु क्षणभर विचार करावा. चपात्या तर त्या मजुरांपाशी होत्या! उणीव होती ती घरी पोहोचविणाऱ्या वाहनाची. आणि ती गोष्ट कोणाच्या औदार्यावर सोडलेली नव्हती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयी १९७९ साली झालेला कायदा तेव्हा लागू होता. ठेकेदारामार्फत परराज्यातून आणलेल्या मजुराला येण्याचे आणि परतीचेही प्रवासभाडे ठेकेदाराने द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली. तिच्यातही प्रवासभाड्याची तरतूद आहे. या १६ जणांपैकी कोणाला हा कायदा लागू पडत होता, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. मात्र देशभर पायी निघालेल्या असंख्य मजुरांचे जे देणे होते, ते देणे आहे याचीच आठवण समाजाला उरली नव्हती.

‘पण रुळांवर झोपावे कशाला?’ असे पुष्कळांनी विचारले. मजुरांच्या पायपिटीसंबंधीचा एक अर्ज १५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा माणसे रुळांवर झोपली तर त्यांना कोण कसे अडविणार, अशा आशयाचे उद्गार तेथेही निघाले. पुढे २६ मे रोजी त्याच न्यायालयाने मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली आणि २८ मे रोजी त्यांच्याकडून रेल्वेचे वा बसचे भाडे घेऊ नये असा आदेश दिला. दुर्घटनेला तेव्हा वीस दिवस लोटले होते. दरम्यान दोन्ही राज्य शासनांनी मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. तिकिटाचे काहीशे रुपये वेळेवर हाती पडले नाहीत, म्हणून मृत्यूनंतर लाखांची भाषा करावी लागली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला, त्यात नेमके या दुखण्यावर बोट ठेवले आहे. न्यायाने जे दुसऱ्याचेच आहे ते त्याला आधी मिळावे. ते दयेचे दान म्हणून पुढे करू नये, असा त्याचा आशय आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी शेवटच्या मजुरांशी उदारपणे वागला खरा. पण पहाटेपासून राबलेल्यांच्या ठरलेल्या मजुरीतून त्याने एक छदामही कापला नाही. औदार्याला न्यायाचा पाया हवा, हे त्यातून शिकावे.

‘ठेकेदारही गांजलेला असतो, एकट्याने तो काय करणार?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच न्यायाला व्यवस्था लागते. बाजारपेठेत पोती वाहणाऱ्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी एकाचा माल, दुपारी दुसऱ्याचा. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी अशा हमालांना संघटित केले. त्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळाने ती नोंदणी झालेल्या हमालापर्यंत पोहोचवावी, अशी ही योजना आहे. भविष्यनिर्वाह निधीची सोयही तिच्यातूनच झाली. त्यासाठी कोणा शेटजींच्या पाया पडावे लागले नाही. मोर्चे व संप यांकडे आपल्यापैकी काहीजण नाक मुरडून पाहतात. पण हक्काची मजुरी मिळविण्याचा तो मार्ग आहे. कामगारांच्या संघटना उभारण्याच्या अधिकाराला पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मान्यता दिली होती.

हा प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आतही आहे. टाळेबंदीत मोलकरणीला ‘येऊ नको’ असे आपणच सांगितले असेल, तर त्या महिन्यांचा पगार ही मदत की देणे? तिला आठवड्याची सुट्टी मिळते का? २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. तिची तेथे नोंदणी व्हावी म्हणून आपण कधी चौकशी केली आहे का? घराचे वा सभागृहाचे बांधकाम सर्वांत कमी दराच्या ठेक्याला देताना, ती बचत कोणाच्या मजुरीतून निघाली, हे ठेकेदाराला विचारतो का?

दान थांबवावे असे येथे सुचवावयाचे नाही. उपाशी माणसासमोर कायद्याचे पुस्तक ठेवून त्याचे पोट भरत नाही. परंतु दान करण्यापूर्वी आपल्या वहीतील देणे तपासावे. ते थकलेले असेल, तर प्रथम ते चुकते करावे. त्यानंतर जे द्यावयाचे, तेवढेच दान म्हणावे.