आधी आलेल्याचा हक्क



पावसाळा सुरू झाला की मांजरांची पिल्ले सापडू लागतात. कोणी बावखलाच्या काठावरून आणते, कोणी मासळीबाजारातून. कधी तर खोक्यात घालून ती चर्चच्या आवारातच ठेवलेली असतात. आणणाऱ्याच्या मनात दया असते, यात शंका नाही. अडचण येते ती घरात आधीच एखादे वयस्कर मांजर असले तर. अशाच एका मावशींनी आम्हांला विचारले, ‘‘फादर, पिल्लाला वाचवले खरे, पण आमची मनी दोन दिवस कपाटाखालून बाहेर येत नाही. मी पुण्य केले की पाप?’’ प्रश्न हसण्यावारी नेता आला असता. आम्हांला तो विचार करण्याजोगा वाटला.

मांजर जागेला धरून राहणारे जनावर. खांबाला, दाराच्या चौकटीला, आपल्या पायांना ते गाल घासते, तेव्हा आपला वास तिथे ठेवत असते. दहाबारा वर्षांत सारे घर त्या ओळखीच्या वासाने भरलेले असते. आपण एका संध्याकाळी परका वास आत आणतो आणि म्हणतो, ‘मने, बघ तुला भाऊ आणला!’ तिला कोणी विचारलेले नसते. उदार आपण होतो, खर्च मात्र तिच्या खात्यातून.

मग पिल्लाला पावसात सोडून द्यायचे का? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात प्रीतीतही क्रम असतो असे मांडले. जवळच्यांचा आपल्यावर पहिला हक्क. पण परका माणूस अगदी जिवावरच्या संकटात असेल, तर काही वेळा त्याची गरज आधी भागवावी लागते. हे त्यांनी माणसांविषयी लिहिले. मुक्या प्राण्यांना ते प्रीतीच्या या नात्यात धरत नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी विचाराची दिशा इथे उपयोगी पडते. पिल्लाची गरज प्राणाची आहे, म्हणून दार उघडणे योग्यच. पण त्यामुळे मनीचा हक्क संपत नाही. उलट त्या क्षणापासून आपण तिचे देणे लागतो.

इथे अनेकांना उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवतो. मनी फिसकारली की आपण म्हणतो, ‘बघा, जळते!’ ही तुलना आम्हांला पटत नाही. थोरल्याची समजूत घालायला बाप अंगणात आला. त्याला शब्द कळत होते, म्हणून त्याचा रुसवा हा त्याचा निर्णय होता. मनीची समजूत शब्दांनी कशी घालणार? तिचे फिसकारणे म्हणजे ‘लांब राहा’ एवढीच विनंती. त्यासाठी तिला रागावणे, चापट मारणे हा अन्याय तर आहेच, शिवाय मूर्खपणाही. पिल्लू दिसले की मार बसतो, एवढेच ती शिकते.

तेव्हा हे देणे कृतीनेच फेडायचे. पिल्लाला पहिले दहापंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. त्याचे ताट, पाणी, शीची पेटी सगळे वेगळे. आधी पशुवैद्याला दाखवावे, कारण रस्त्यावरचे पिल्लू पॅनल्यूकोपेनियासारखा जीवघेणा आजार घेऊन येऊ शकते आणि म्हाताऱ्या मांजराची लस अनेक घरांत केव्हाच राहून गेलेली असते. मग पिल्लाच्या अंगावर फिरवलेले फडके मनीच्या जवळ आणि मनीचे फडके पिल्लाजवळ ठेवावे. दोघांना बंद दाराच्या दोन बाजूंना जेवायला घालावे. ती शांतपणे जेवू लागली की दार बोटभर उघडावे. नंतर पाचदहा मिनिटांची भेट, आपण समोर असताना. शीच्या पेट्या मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघांना तीन. मनीची खिडकी आणि तिची जेवायची वेळ बदलू नये. हाक मारायची ती आधी तिला. काही घरांत आठवड्यात जमते, काही घरांत दोन-तीन महिने जातात.

म्हणजे एक खोली अडते, झोपमोड होते, पैसे खर्च होतात. आमच्या मते दया खरोखर कोणी केली हे इथेच ठरते. खोक्यातले पिल्लू उचलायला मिनिट पुरते.

‘माणसे उपाशी असताना मांजरांचे हे लाड कशाला?’ असेही कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ प्राण्यांशी दयेने वागायला सांगतो, त्याच ओघात माणसांच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा त्यांच्यावर उधळू नये असेही बजावतो. पण जुनी चादर, दोन थाळ्या आणि थोडा धीर यांत कोणा गरिबाचा घास जात नाही.

एवढे करूनही दोघांची मैत्री होईलच असे नाही. कित्येक मांजरे जन्मभर घराच्या दोन टोकांना राहतात, आणि त्यात काही वाईट नाही. मनीने मात्र अन्न सोडले तर वाट पाहू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही मांजराचे यकृत बिघडू शकते. तिला ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. महिनोन् महिने ती भेदरलेलीच राहिली, तर पिल्लासाठी दुसरे घर शोधावे. मावशींना आम्ही तेच सांगितले आहे. उंदरांना कंटाळलेली दोन घरे आमच्या माहितीत आहेत; मिस्सानंतर विचारावे.