शिक्षामाफी आणि क्षमा

यादवी युद्ध थांबवायचे असेल, तर काल ज्यांच्या हाती बंदूक होती त्यांना आज राज्यकारभारात वाटा द्यावा काय? हा प्रश्न जसा राजनीतीचा आहे, तसाच तो नीतीचाही आहे. ज्या माउलीचा मुलगा मारला गेला तिला आपण कोणत्या तोंडाने सांगणार की, मारेकऱ्यांचा जुना सहकारी आता मंत्री झाला असून ते सर्वांच्या भल्याचेच आहे? आणि तरीही जगात अनेक ठिकाणी शांतता याच वाटेने आली. त्यांपैकी उत्तर आयर्लंडचे उदाहरण आपण ख्रिस्ती माणसांनी विशेष लक्षपूर्वक पाहावयास हवे. कारण तेथे मारणारे आणि मरणारे, बहुतेक सारे, एकाच ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घेतलेले होते.

तेथील तंटा धर्मसिद्धांतांचा नव्हता. ब्रिटनमध्ये राहायचे की संयुक्त आयर्लंडमध्ये जायचे, हा वाद होता. परंतु पहिल्या, युनियनवादी पक्षात बहुतेक प्रोटेस्टंट आणि दुसऱ्या, राष्ट्रवादी पक्षात बहुतेक कॅथलिक, अशी फाळणी पडली होती. १९२१ ते १९७२ पर्यंत तेथे युनियनवाद्यांचीच अखंड सत्ता होती. निवडणुका रीतसर होत. पण अल्पसंख्य कॅथलिकांच्या वाट्याला पराभव ठरलेलाच असे आणि घरांच्या वाटपात, नोकऱ्यांत त्यांच्यावर अन्याय होई. पुढे तीन दशके जो रक्तपात झाला, त्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. आमच्या धर्मबांधवांवर अन्याय झाला हे जितके खरे, तितकेच त्यांच्यातील काहींनी बॉम्ब पेरले हेही खरे. पहिले सत्य सांगून दुसरे झाकण्याचा आम्हांला अधिकार नाही.

सत्ता वाटून घेण्याचा पहिला प्रयोग १९७४ मध्ये झाला. युनियनवादी कामगारांच्या संपापुढे ते मंत्रिमंडळ पाच महिन्यांत कोसळले. दुसरा प्रयोग १० एप्रिल १९९८ च्या कराराने झाला. तो दिवस गुड फ्रायडेचा होता. दोन्ही प्रयोगांचे मूळ सूत्र फारसे वेगळे नव्हते; मात्र मधल्या चोवीस वर्षांत दोन हजारांहून अधिक जीव गेले होते. शहाणपण इतक्या उशिरा यावे, याचा दोष दोन्ही बाजूंना घ्यावा लागेल.

नव्या व्यवस्थेत मुख्य मंत्री आणि उपमुख्य मंत्री हे दोन्ही समाजांतून येतात, त्यांचे अधिकार समान असतात आणि एकाने पद सोडले की दुसऱ्याचेही जाते. महत्त्वाच्या निर्णयांना दोन्ही बाजूंचा पाठिंबा लागतो. हे विश्वासाचे नव्हे, अविश्वासाचे शास्त्र आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते मान्य आहे. परंतु अविश्वास मनात ठेवून एकमेकांना मिठी मारण्यापेक्षा तो कबूल करून एका मेजावर बसणे अधिक प्रामाणिक नाही काय? बहुसंख्याकाने आपल्या संख्येचा पुरता लाभ न घेणे आणि अल्पसंख्याकाने शस्त्राविना आपले गाऱ्हाणे मांडणे, हा दोघांचाही त्याग आहे. २००७ मध्ये कडवे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक इयान पेझ्ली आणि आयरिश रिपब्लिकन आर्मीचे एकेकाळचे सेनानी मार्टिन मॅक्गिनेस या दोन पदांवर शेजारी बसले, तेव्हा जगाने हा त्याग डोळ्यांनी पाहिला.

मात्र या शांततेचे मोल कोणी मोजले? करारानुसार चारशेहून अधिक कैदी मुदतीआधी सुटले. ज्यांची माणसे गेली ती कुटुंबे वाटाघाटींच्या मेजावर नव्हती. येथे एक भेद आपण स्पष्ट केला पाहिजे. शासन शिक्षा माफ करू शकते; क्षमा करणे त्याच्या हाती नाही. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर घाव पडला त्याचा. १९८७ मध्ये एनिस्किलन येथील स्फोटात गॉर्डन विल्सन यांची तरुण कन्या गेली. त्याच रात्री त्यांनी, आपल्या मनात कोणाविषयी आकस नाही, असे सांगितले. ते दान होते. इतर शोकाकुलांकडून ते कर्तव्य म्हणून वसूल करता येणार नाही. आपल्या प्रायश्चित्त संस्कारातही पश्चात्ताप, पापाची कबुली आणि भरपाई यांचा क्रम सांगितला आहे. करारात सुटका आली, कबुली मागे राहिली. अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचे मरण नेमके कसे घडले हे आजही ठाऊक नाही.

म्हणूनच खुर्च्यांची वाटणी म्हणजे शांततेची पूर्तता नव्हे. तेथील विधानसभेत सभासदाने स्वतःला युनियनवादी, राष्ट्रवादी किंवा ‘इतर’ म्हणून नोंदवावयाचे असते. जी भिंत पाडावयाची तीच नोंदवहीत जपली जाते. २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ या काळात मंत्रिमंडळच नव्हते. बेलफास्टमध्ये वस्त्यावस्त्यांमधील उंच भिंती अद्याप उभ्या आहेत आणि दोन्ही समाजांची मुले बहुतांशी वेगवेगळ्या शाळांत शिकतात. तरीही शासन बंद पडले म्हणून जुने युद्ध पुन्हा पेटले नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

शेवटी आम्हांला आठवतात ते रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरू फादर अ‍ॅलेक रीड. मार्च १९८८ मध्ये बेलफास्टमध्ये एका अंत्ययात्रेत मोटार घेऊन शिरलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने ओढून काढले आणि आयरिश रिपब्लिकन आर्मीने गोळ्या घातल्या. फादर त्या देहांशेजारी गुडघे टेकून बसले. त्यांनी श्वास देण्याचा प्रयत्न केला, अंत्यसमयीचे संस्कार दिले. त्या वेळी त्यांच्याजवळ एक लिफाफा होता. सिन फेन पक्षाकडून जॉन ह्यूम यांच्याकडे न्यावयाचा शांततेचा मसुदा त्यात होता. लिफाफ्याला रक्त लागले. फादरांनी लिफाफा बदलला आणि मसुदा त्याच दिवशी पोहोचवला.

त्या कागदावाचून पुढचा करार झाला नसता, असे म्हणता येईल. पण कागद नेणारा माणूस आधी शत्रुपक्षाच्या मृतापाशी गुडघे टेकून बसला होता. सत्तेचा वाटा कसा द्यावा हे घटना सांगेल. परक्याच्या मृतापाशी थांबण्याचे काम मात्र कोणत्याही मंत्रिमंडळावर सोपवता येत नाही. ते तुमच्याआमच्याकडेच राहते.